मापात पाप नको

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायला जमलेल्या गर्दीत दोन तऱ्हेचे लोक असतात. काहींची नजर अंबाबाईच्या पालखीवर असते, तर काहींची छत्रपती घराण्याच्या मोटारीवर. भगव्या रंगाची ती मेबॅक १९३६ सालची, जर्मन बनावटीची, सहा सिलिंडरची. राजाराम महाराजांच्या काळात ती कोल्हापुरात आली आणि अजूनही सीमोल्लंघनाला स्वतःच्या चाकांवर येते. तिच्यावर पुष्कळ लिहून झालंय.

पण जुनी गाडी जपण्याचा नाद फक्त राजवाड्याला नाही. मंगळवार पेठेत, शाहूपुरीत, राजारामपुरीत एखाद्या बोळात ताडपत्रीखाली फियाट उभी असते. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. विकायची म्हटलं तर घरात भांडणं होतात आणि चालवायची म्हटलं तर मागून निळा धूर निघतो. मालक पगारदार. मुलीची फी, घराचा हप्ता आणि त्यातून उरलेल्या पैशात इंजिनाचं काम. असा माणूस उद्यमनगरातल्या मेस्त्रीच्या दारात उभा राहतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘कमीत कमी कितीत बसंल?’

उत्तर बहुधा एकच मिळतं. ‘मालक, आधी माप बघू. मग पैशाचं बोलू.’

या एका वाक्यात या शहराची शंभर वर्षांची कारागिरी आहे. आणि ही कारागिरी आजवर टिकली ती जुन्या मोटारींच्या शौकिनांमुळे नव्हे. ती टिकली उसामुळे.

नदी, गुऱ्हाळ आणि लेथ

पंचगंगा, भोगावती, वारणा, दूधगंगा. पाणी नदीत आणि रान वर, अशी इथली रचना. पाणी उचलायला तेलावरचं इंजिन आलं. तेच इंजिन गुऱ्हाळावर उसाचा चरकही फिरवू लागलं. हंगामात इंजिन बंद पडलं की काहिली थंड आणि रस आंबलेला. सुटा भाग मुंबईहून, परदेशातून येईपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता? मग इथल्याच लोहाराने, सुताराने, फिटरने तो भाग बघून तसाच करायला सुरुवात केली. आधी दुरुस्ती, मग सुटे भाग, मग अख्खं इंजिन, असा हा प्रवास झाला. भाग करायचा तर ओतीव लोखंड लागतं, म्हणून फौंड्री आली. आज शिवाजी उद्यमनगर, वाय. पी. पोवार नगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा हा पसारा आहे आणि जिल्ह्यातल्या फौंड्रींची संख्या तीनशेच्या आसपास सांगितली जाते.

यंत्र उघडून बघायचं आणि आपल्या हाताने पुन्हा करायचं, ही खोड मात्र त्याहून जुनी. बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवायला घेतला. आनंदराव मध्येच वारले. बाबूरावांनी आपले शिष्य दामले यांच्या मदतीने १९१८ साली तो पुरा केला आणि त्याच बळावर १९२०चा ‘सैरंध्री’ हा मूकपट उभा राहिला. कॅमेरा काय आणि इंजिन काय, दाते, पट्ट्या, अचूक भोकं आणि एकमेकांत बसणारी मापं हेच दोन्हींचं काम.

मोटारीच्या इंजिनाचे दोन कळीचे भाग, पिस्टन आणि बेअरिंग, या शहरात बनतात. मेनन पिस्टन्स आणि मेनन बेअरिंग्ज या इथल्याच कंपन्या. त्यांचा माल मुख्यतः ट्रॅक्टर आणि ट्रकसाठी असतो. फियाटचा पिस्टन तिथे मिळेल असं नव्हे. पण ज्या गावात पिस्टन ओतले जातात तिथे ते मोजणारे, घासणारे, बसवणारे हातही तयार होतात. फियाटला उपयोग होतो तो या हातांचा.

इंजिन झिजतं म्हणजे काय

फियाट ११०० आणि तिचंच पुढचं रूप असलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला बनायची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. तिला पद्मिनी हे नाव मिळालं १९७४ला. इंजिन चार सिलिंडरचं, १,०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, क्रँक तीन मेन बेअरिंगवर फिरणारा. यात गुंतागुंत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा बांधता येतं.

टॉप गिअरमध्ये ही गाडी एक किलोमीटर जाते तेव्हा क्रँकचे ढोबळ मानाने दोन हजारांवर फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला पिस्टन ७५ मिलिमीटर वर जातो आणि तेवढाच खाली येतो. म्हणजे रस्त्यावरच्या एका किलोमीटरमागे पिस्टन तीनशेहून अधिक मीटर घासतो. गाडीने लाखभर किलोमीटर केले असतील तर प्रत्येक पिस्टनने तीस-पस्तीस हजार किलोमीटर सिलिंडरच्या भिंतीवर काढलेले असतात. झीज झाली यात नवल नाही. ती इतकी कमी होते याचंच नवल वाटावं.

ही झीज सगळीकडे सारखी नसते. पिस्टन सर्वांत वर पोचतो तिथे तो क्षणभर थांबतो, तेलाचा थर तुटतो, उष्णता सर्वाधिक असते आणि स्फोटाचा दाब पिस्टनवरच्या रिंगला भिंतीवर रेटत असतो. म्हणून सिलिंडर वर जास्त झिजतो, खाली कमी. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका चालत असल्याने पिस्टन एका बाजूला जास्त दाबला जातो आणि गोल भोक किंचित लंबगोल होतं. जिथे रिंग पोचतच नाही त्या वरच्या काठावर मूळ माप तसंच राहतं आणि तिथे पायरी तयार होते. हेड उतरवल्यावर मेस्त्री पहिल्यांदा या पायरीला नख लावून बघतो. नख अडलं की तो मान हलवतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो.

त्याआधी धूर बघितलेला असतो. धूर निळा असेल तर तेल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा असेल आणि थांबत नसेल तर पाणी आत शिरतंय. मग प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावायचं. एका सिलिंडरचा दाब कमी दिसला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर दोष रिंगांचा, कारण तेलाने तात्पुरती फट बुजली. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बघायचे. या तपासणीला पाऊण तास लागतो आणि खर्च जवळजवळ नाही. तरीही कितीतरी मालक ती वगळून थेट ‘इंजिन खोला’ म्हणतात आणि फक्त व्हॉल्व्हचं काम असलेल्या गाडीचे पिस्टन बाहेर काढून ठेवतात.

कोल्हापुरात आणखी एक कारण असतं : महापूर. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागांत शिरलं आणि उभ्या गाड्या बुडाल्या. पाण्यातून निघालेल्या गाडीला किल्ली मारणं हा सर्वांत महाग मोह. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना स्टार्टर फिरला की कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढायचे, पाणी बाहेर पडू द्यायचं, भोकातून पातळ तेल सोडून आठवडाभर मुरू द्यायचं आणि मग इंजिन हाताने हलवून बघायचं, हा स्वस्तातला उपाय. सुटलं तर बरं, नाहीतर रिंगांच्या गंजाचे खड्डे भिंतीवर उमटलेले असतात.

‘रिंगा टाकून काम भागवा’

बजेट कमी असलेला मालक इथे हमखास घसरतो. पूर्ण इंजिन काम नको, नुसत्या रिंगा टाका, चालवू तेवढी. या स्वस्ताईचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे.

समजा बोअर गेजने मोजल्यावर सिलिंडर वर ६८.२१ आणि खाली ६८.०५ मिलिमीटर भरला. व्यासात फरक ०.१६. कागदावर काहीच वाटत नाही. पण रिंग परिघावर बसते आणि परिघ व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त असतो. म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट खाली पाव मिलिमीटर ठेवली तर वर ती पाऊण मिलिमीटर होणार. नवी रिंग प्रत्येक फेऱ्यात उघडत-मिटत राहणार आणि वरच्या पायरीवर तिची धारदार कड आपटणार. सहा महिन्यांत रिंग तुटते किंवा धूर परत येतो. मग तेच पॅकिंग, तीच मजुरी, तेच तेल, सगळं दुसऱ्यांदा. झीज फारच कमी असेल, पायरी काढून भिंतीला होनिंग केलं असेल, तर नुसत्या रिंगांवर गाडी चांगली चालते. पण ते ठरवायचं गेजने, खिशाने नव्हे.

याच उदाहरणात पुढचा निर्णयही लपलेला आहे. जास्त मापाचे पिस्टन ०.२, ०.४, ०.६ अशा टप्प्यांनी येतात. मालकाला वाटतं, ०.२ घालू, कमी कापलं जाईल. पण सिलिंडर वरच्या बाजूला आधीच ६८.२१ झालाय. ६८.२०चा बोअर मारला तर वरची झीज तशीच राहील. म्हणजे ०.४ला पर्याय नाही. आणि थेट ०.६ वर गेलात तर पुढच्या पिढीच्या वाट्याचं लोखंड आजच संपवलंत. ०.६ला इंजिन १,०८९ सीसीवरून साधारण १,१०९ सीसीचं होतं. वीस सीसीने गाडी पळत नाही, ब्लॉक मात्र कायमचा पातळ होतो.

एकच सिलिंडर खराब असेल, पुराच्या गंजाने खड्डे पडले असतील, तर त्या एकालाच स्लीव्ह घालून मूळ मापावर आणता येतं. ब्लॉक बदलण्यापेक्षा हे शहाणपणाचं, कारण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि आरसी बुकात तोच लिहिलेला असतो. दुसरा ब्लॉक आणला की आरटीओच्या चकरा आल्या.

बोअरिंगवाल्याकडे एक शिस्त असते. पिस्टन हातात आल्याशिवाय चांगला कारागीर ब्लॉक मशीनवर चढवत नाही. डब्यावर काय छापलंय त्यावर त्याचा विश्वास नसतो. चारही पिस्टन तो मायक्रोमीटरने स्कर्टवर मोजतो, खडूने त्यांवर एक ते चार आकडे घालतो आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाला कापतो. दोन्हींमधली फट ठेवायची पाच शतांश मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. शेवटचा हात होनिंगचा. दगड फिरत वर-खाली जातात आणि भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा उठतात. या रेघांत तेल धरून राहतं. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली तर दिसायला देखणी, पण रिंग तिच्यावर कधीच बसत नाही. काम झालं की पिस्टन उलटा धरून, रिंगा न घालता, बोटाच्या आधाराने सिलिंडरमध्ये सोडतात. तो स्वतःच्या वजनाने हळूहळू, न अडकता उतरला पाहिजे. धाडकन पडला तरी नापास, अडला तरी नापास.

पैसा कुठे घालायचा, कुठे नाही

उद्यमनगरात एका छताखाली सगळं होत नाही. बोअरिंगवाला वेगळा, क्रँक ग्राइंडिंगवाला वेगळा, हेडचं काम करणारा तिसऱ्याच गल्लीत. मालकाने स्वतः स्कूटरवर भाग घालून फिरावं. त्यात पैसे वाचतातच, शिवाय प्रत्येक ठिकाणी माप डोळ्यांनी बघायला मिळतं. मापं वहीत लिहून घ्यावीत. बोअरचं वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं. क्रँकच्या प्रत्येक जर्नलचं तसंच.

क्रँक ग्राइंड करण्याआधी तो तडकलेला नाही ना हे बघावं लागतं. मोठ्या कारखान्यांत यासाठी चुंबकीय तपासणी असते. गल्लीतला मार्ग जुना आहे. क्रँक रॉकेलमध्ये बुडवायचा, फडक्याने कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल पाझरून पांढऱ्या पुडीवर बारीक काळी रेघ उमटते. अशी रेघ दिसली की क्रँक भंगारात, मग तो कितीही चकचकीत असो. ग्राइंडिंगलाही पिस्टनचाच नियम लागू : आधी बेअरिंग कोणत्या मापाचं मिळतंय ते बघा, मग क्रँकला हात लावा. क्रँक अर्धा मिलिमीटर उतरवून ठेवला आणि त्या मापाचं बेअरिंग बाजारातच नाही, अशी फजिती झालेले लोक भेटतात.

जुनं काय राहू द्यावं याचीही एक समज असते. इनलेट व्हॉल्व्ह बहुतेक वेळा घासून पुन्हा चालतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे घ्यावेत, कारण ते लालबुंद तापत आलेले असतात. सीट कापून झाल्यावर पेस्ट लावून, काठीच्या टोकाच्या रबरी कपाने व्हॉल्व्ह दोन तळव्यांमध्ये घुसळायचा. चकाकी जाऊन सर्वत्र सारख्या रुंदीचा राखाडी पट्टा आला की पुरे. खात्री करायला हेड उलटं ठेवून खळग्यात रॉकेल ओततात आणि मालकाला चहाला नेतात. परत येईपर्यंत थेंब खाली उतरला नाही तर काम पास. हेड तापून वाकलं असेल तर फेसिंग करावंच लागतं, पण लागेल तेवढंच. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि गाडी चढावर ठोकायला लागते.

पॅकिंगचा पूर्ण संच नाही मिळाला तरी अडत नाही. हेडचं पॅकिंग विकतच आणावं लागतं. वॉटर पंपाचं, टायमिंग कव्हरचं, चेंबरचं मात्र शीट आणून इथेच होतं. शीट भागावर ठेवायचं आणि छोट्या गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत जायचं. लोखंडाची धारच शीट कापते. बोल्टच्या भोकांवर एक छर्रा ठेवून टोला मारला की गोल तुकडा पडतो. कात्री नाही, पेन्सिल नाही, दहा मिनिटांत मापाचं पॅकिंग तयार.

रिंगा, बेअरिंग, ऑइल सील, टायमिंग चेन, पॅकिंग यांत काटकसर नको. मशीनच्या कामात तर नकोच. ऑइल पंप उघडून गिअरची फट बघायची, ब्लॉकच्या तेलाच्या वाटा तारेने आणि हवेने साफ करायच्या. या कामाला फक्त वेळ लागतो, पण नव्या बेअरिंगचा जीव त्यावर असतो. रंग, क्रोम आणि नव्या सीट कव्हरला पहिल्या वर्षी एक रुपयाही नको. इंजिन बांधायला पैसे नाहीत म्हणणारे मालक बंपरला पॉलिश करून आणतात, तेव्हा मेस्त्री काही बोलत नाही. फक्त त्या मालकाच्या गाडीचा नंबर मागे जातो.

सुटे भाग मिळणं आता पूर्वीइतकं सोपं नाही. पद्मिनीचा बाजार टिकून होता तो मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर. २००३च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची टॅक्सी वीस वर्षं पुरी करून ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून उतरली. हजारो टॅक्सी पिस्टन खात होत्या तोवर कुणीतरी पिस्टन बनवत होतं. आता जुन्या दुकानांच्या माळ्यावर उरलंय ते शोधायचं. नियम मात्र थोडे बरे झालेत. २०२१च्या जुलैपासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. नव्याने नोंदणीला फी वीस हजार, नूतनीकरणाला पाच हजार. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. ज्यांना फियाट घेऊन बाजारात जायचंय त्यांना नेहमीचं नूतनीकरण आणि पीयूसी हाच रस्ता.

उसाचं देणं, उसाचं घेणं

क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानासमोर गणपतीपासून दसऱ्यापर्यंत जाऊन बघावं. रांग ट्रॅक्टरच्या क्रँकची, ब्लॉकची, हेडची. कारखान्याचं गाळप सुरू होण्याआधी ऊस वाहणारा ट्रॅक्टर तयार पाहिजे, कारण हंगामात एक दिवस उभा राहिला तर कर्जाचा हप्ता चुकतो. हे मशीन, हा दगड, हा कारागीर ट्रॅक्टरवाल्याच्या पैशावर जगतो. फियाटचा क्रँक महिन्यातून एखादा येतो. त्याच्यावर दुकानाचं वीजबिलही निघणार नाही. पुण्या-मुंबईत अशी दुकानं कमी होत गेली आणि कोल्हापुरात टिकली, याचं मोठं कारण ऊस.

आणि त्याच उसाने जुन्या गाडीपुढे नवं दुखणं उभं केलंय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. त्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीचा मोठा वाटा आहे. जुन्या फियाटच्या पेट्रोल पंपाचा पडदा, रबरी नळ्या, कार्ब्युरेटरची पॅकिंगं हे सगळं साध्या पेट्रोलसाठी बनलेलं. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, मग तडकतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. शिवाय इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं आणि गाडी थोडी गरम चालते. उपाय महाग नाहीत. नळ्या आणि पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यायचे, गरज पडली तर जेट एक माप मोठा करायचा, टाकी भरून गाडी झाकून ठेवायची नाही. इंजिन बांधताना हे केलं नाही तर नव्या पिस्टनची गाडी दोन रुपयांच्या नळीपायी रस्त्यात उभी राहते.

पहिले पाचशे किलोमीटर

इंजिन चालू झालं की मालकाला घाई होते जोतिबाला नारळ वाढवायची. मेस्त्री अडवतात. डोंगर नंतर, आधी सपाटीला कागलपर्यंत जाऊन या. नव्या रिंगा भिंतीवर बसायला थोडा भार लागतो, पण सलग दाब नको आणि एका जागी तासभर घरघरतही ठेवायचं नाही. वेग कमी-जास्त करत, चाळीस-पन्नासच्या दरम्यान. पाचशे किलोमीटरला तेल बदलायचं, हेडचे बोल्ट पुन्हा कसायचे, टॅपेट लावायचे. पहिल्या तेलात चमकणारी धातूची बारीक पूड दिसते. ती दिसणं ठीक आहे, पुढच्या तेलात दिसता कामा नये.

आता प्रश्न उरतो तो पुढचा क्रँक कोण घासणार याचा. नव्या मोटारींची इंजिनं गल्लीत बांधली जात नाहीत, अख्खी बदलली जातात. मशीनवर हात बसलेला पोरगा शिरोलीच्या किंवा कागलच्या कारखान्यात सीएनसीवर जातो. तिथे पगार ठरलेला आणि कपडे स्वच्छ. त्याला दोष कसा द्यायचा? जोवर ट्रॅक्टर डिझेलवर चालतोय तोवर दुकान चालेल. पण मायक्रोमीटर धरायला शिकणारा नवा हात दुकानात टिकायला हवा, आणि त्याला टिकवते ती मजुरी.

म्हणून ताडपत्रीखाली फियाट असलेल्या वाचकाला एवढंच सांगणं : कारखान्यांची धुराडी पेटली की ट्रॅक्टरांची रांग ओसरते. गाडी तेव्हा न्या. आधी माप घ्या, वहीत लिहा, मग पैसे मोजा. घासाघीस करायचीच असेल तर क्रोमवाल्याशी करा, बोअरिंगवाल्याशी नको.